शिडवालीचा भाऊ

दगडी धक्क्यावर गोळ्या चालल्या त्या सकाळी शिडवाली माडीवर बसून एका मोठ्या शिडाची कड दुमडत होती. पहिला आवाज आला तेव्हा तिला वाटलं, गोदामात कुणाच्या तरी हातून पिंप निसटलं. समोर दोऱ्याला मेण लावत बसलेल्या सासूबाईंनी मात्र हात थांबवला.

"पिंप नाही हे," त्या म्हणाल्या.

मग एकदम बरेच आवाज आले, वाळक्या फांद्या मोडाव्यात तसे, आणि त्यामागून माणसांचा ओरडा.

शिडवाली खिडकीशी धावली. खिडकी गल्लीकडे उघडत होती, धक्का तिथून दिसायचा नाही. दिसत होतं ते न्हाव्याचं दुकान आणि अर्धीच दाढी झालेला एक माणूस, गळ्यातलं फडकं तसंच ठेवून धक्क्याच्या दिशेने पळणारा. ती जिन्याकडे वळली तशी सासूबाईंनी तिचा हात धरला.

"तू बस. आपली दोन माणसं तिथं आहेत, तिसरं नको."

दोन माणसं म्हणजे शिडवालीचा नवरा आणि दीर. नवरा पडावाचा तांडेल, म्हणजे त्या होडीचा प्रमुख. दीर त्याच्याच पडावावर वल्हं मारायचा. नाकावर राग म्हणून सगळं बेट त्याला भडक्या म्हणायचं. पण तिसरंही एक माणूस तिथं होतंच, ते सासूबाईंनी मोजलं नव्हतं. शिडवालीचा धाकटा भाऊ बंदर कंपनीचा पहारेकरी होता. तो धक्क्यावर समोरच्या बाजूला उभा होता, हातात बंदूक घेऊन.

हे असं समोरासमोर येणं एका दिवसात घडलेलं नव्हतं.

बेटाभोवती वाळूचे दांडे होते. मोठी जहाजं लांब नांगर टाकून उभी राहत आणि त्यांचा माल पडावांतून, म्हणजे रुंद पोटाच्या होड्यांतून, किनाऱ्याला येई. पडाववाल्यांचे पूर्वज कोण, यावर बेटावर एकमत नव्हतं. कुणी म्हणे, आजारी पडले म्हणून जहाजांनी उतरवून दिलेले खलाशी. कुणी म्हणे, कप्तानाच्या थोबाडीत देऊन पळालेले. तांडेल म्हणायचा, "दोन्ही खरं. बापाकडून आम्ही आजारी, आईकडून थोबाडीत देणारे." हे सासूबाईंसमोर म्हणायचा आणि पाठीत धपाटा खायचा.

वाळूच्या बेटावर दगड कुठून मिळणार? पण रिकामं जहाज कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी दगड भरलेले असत, आणि इथं मीठ चढवताना ते दगड पाण्यात फेकून देत. ओहोटी लागली की बायका-पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते वर काढत. काळे, तांबडे, हिरवट, साबणासारखे गुळगुळीत, कुठल्या कुठल्या मुलखांतले. त्याच दगडांचा हा धक्का. तो बांधताना किती जण चिरडले, किती बुडाले, हे म्हातारी माणसं घराण्यांच्या नावानिशी सांगत. घरांना लाकूड होतं ते फुटलेल्या जहाजांचं. तांडेलच्या दारावर आतल्या बाजूने एका अनोळखी लिपीत काहीतरी कोरलेलं होतं. त्याचा अर्थ 'उतारूंना मनाई' असा आहे, असं तांडेल पाहुण्यांना सांगायचा, विशेषतः जेवायच्या वेळी टपकलेल्यांना.

मग कंपनीने बेटाच्या खोल बाजूला लोखंडी धक्का उभारला. आता जहाज थेट त्याला लागणार, यारीच्या यंत्राने माल उतरणार, पडावांचं काम संपणार. पडाववाल्यांनी ते दातओठ खात का होईना, गिळलं. पण जुन्या धक्क्याचं टोक जहाजं वळवायला आड येऊ लागलं आणि कंपनीने सुरुंग लावून तो उडवायचं ठरवलं. तेव्हा पडाववाले आपापले पडाव धक्क्याला बांधून त्याच्यावर जाऊन बसले. बायकांनी तिथंच डबे पोचवले. कुणीही उठायला तयार नव्हतं.

शिडवालीच्या भावाला लहानपणापासून मुंगी म्हणत. अंगाने किडकिडीत, आणि सतत काहीतरी उचलून घरी आणायचा. आईबाप लवकर गेले. शिडवालीने त्याला पदराखाली वाढवला. तिच्या लग्नानंतर तांडेलने त्याला पडावावर घेतलं. एकदा भरतीच्या लाटांत त्याच्या हातून दोर सुटला, पडाव सरकला आणि एका म्हाताऱ्या खलाशाचा पाय कायमचा गेला. तांडेलने मुंगीला त्याच दिवशी उतरवलं. "तुझ्यावर राग नाही माझा," तो म्हणाला, "पण माझ्या पडावावर तू नकोस." तांडेलने नाकारलेला पोरगा दुसरं कोण घेणार? शिडवाली नवऱ्याशी भांडली, अबोला धरला, रडली. उपयोग झाला नाही. मुंगी कुणाची जाळी वाळव, कुणाची कोंबडी शोधून दे, असं करत गल्लीत फिरायचा. कंपनीने पहारेकऱ्यांची भरती काढली तेव्हा त्याने करडा सदरा अंगावर चढवला. त्या दिवसापासून भडक्या त्याला पाहून थुंकायचा. तांडेल थुंकायचा नाही, रस्ता बदलायचा. मुंगीला त्याचंच जास्त लागायचं.

त्या सकाळी धक्क्यावर जे झालं ते नंतर अनेकांनी सांगितलं आणि सांगण्यात फारसा फरक नव्हता. पहारेकऱ्यांच्या जमादाराने उठायला सांगितलं. तांडेल उठला, पण जायला नाही, बोलायला.

"साहेब, आमचा धक्का नडतो, तर तुमचं जहाज जरा जपून वळवा," तो म्हणाला. "आम्ही बापजाद्यांपासून वाळूच्या पाया पडून वळतोय. शिकवू की तुमच्या कप्तानाला."

पडाववाले खो खो हसले. पहारेकऱ्यांतलेही एकदोघे हसले असावेत. ते हसणं जमादाराला झोंबलं. त्याने ना आकाशात बार काढला, ना पुन्हा बजावलं. हात खाली आणला आणि म्हणाला, "झाडा."

गोळी तांडेलच्या गळ्याच्या खोबणीत लागली. तो मागे झोकांडला आणि धक्क्याच्या कडेवरून खाली गेला, त्याच्याच पडावाच्या आणि दगडांच्या मध्ये. लाट आली. भरलेला पडाव धक्क्याला येऊन आदळला, मागे गेला, पुन्हा आदळला. दोर तोडायला कुणाचा हात धजेना. भडक्या वर उभा राहून ते बघत होता.

मग त्याने वल्हं उचललं. सगळ्यात जवळचा पहारेकरी गुडघ्यावर बसून बंदूक भरत होता. वल्हं त्याच्या कानशिलावर बसलं आणि तो आडवा झाला. बंदूक त्याच्या हातातून केव्हाच गेली होती. त्याने दोन्ही तळवे वर केले होते. भडक्या मारत राहिला. वल्ह्याचं पातं तुटलं, मग तो दांड्याने मारत राहिला. ते बघून बाकीचे तुटून पडले. पडाव ओढायच्या लोखंडी आकड्या होत्या, नांगराच्या साखळ्या होत्या, हाताशी येईल ते होतं. एका पहारेकऱ्याच्या बरगडीत आकडी रुतवून त्याला पाण्यात ओढलं आणि हालचाल थांबेपर्यंत खाली दाबून धरलं. दुसऱ्याला मिठाच्या गोण्यांमागे गाठला. ज्या माणसांनी आयुष्यात कोंबडी कापताना तोंड फिरवलं होतं, त्यांनी हे केलं. जमादार पळाला, उरलेले पहारेकरी वाट फुटेल तिकडे पांगले.

माडीवर यातलं काही कळलं नव्हतं. न राहवून सासूबाई बातमी काढायला गल्लीत उतरल्या होत्या. शिडवाली एकटी होती. माडीला मागच्या अंगाने, खाडीच्या बाजूला, एक दार होतं. शिडांचे जड गठ्ठे कप्पीवरून त्या दाराने वर घेत. त्या कप्पीचा दोर ताणला गेला आणि करकरला. दाराच्या चौकटीवर आधी एक हात आला, मग मुंगीचं डोकं.

त्याच्या मांडीत आकडी घुसून निघाली होती. विजारीचा एक पाय काळा पडला होता.

"ताई, पाणी दे," तो म्हणाला.

तिने तांब्या त्याच्या तोंडाला लावला. तो घटाघटा प्यायला. तिने फाटक्या शिडाची चिंधी काढून त्याची मांडी आवळून बांधली.

"तुझे दाजी कुठं आहेत?"

"गर्दी होती."

"दिसले का पण?"

"धूर होता, ताई." त्याने तांब्या खाली ठेवला. "माझ्या मागावर आहेत. भडक्याने बघितलंय मला गल्लीत शिरताना."

तिने पुढे विचारलं नाही. खोलीभर पसरलेलं नवं शीड तिने उचललं, मुंगीला भिंतीकडेला आडवं केलं आणि त्याच्यावर कापडाच्या घड्यांवर घड्या टाकल्या, गठ्ठा करून ठेवल्यासारख्या. कप्पीचा दोर वर ओढून घेतला. फळ्यांवरचं रक्त पुसायला ती खाली वाकली, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बरीच, आणि जड.

पुढे भडक्या होता. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. त्याच्यामागून चौघांनी पडावाची एक फळी तिरकी करत जिन्यातून वर आणली. सगळ्यात शेवटी सासूबाई आल्या, भिंतीला धरून.

"वहिनी, बघू नका," भडक्या म्हणाला.

तिने बघितलं. तोंड तांडेलचंच होतं. गळ्यापासून खाली माणसाचा आकार राहिला नव्हता. छाती एका बाजूने आत गेली होती आणि तिच्याच हातचा शिवलेला सदरा मांसात इतका रुतला होता की कापड कुठं संपतं ते कळत नव्हतं. ती मटकन खाली बसली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: तिथून जो आला, त्याने हे पाहिलं होतं. पाहून तो आला, आणि तिच्या हातचं पाणी प्यायला.

"त्या कुत्र्याला शोधतोय आम्ही," भडक्या म्हणाला. "तुमच्या भावाला. इकडे आला होता का?"

"नाही," ती म्हणाली. हे 'नाही' तिच्या तोंडून आपोआप निघालं, आणि निघाल्यावर तिला त्याची शिसारी आली.

सासूबाई मुलाजवळ बसल्या नाहीत. त्या उभ्याच होत्या. "ह्याला झाकायला कापड हवं," त्या म्हणाल्या. "नवं घेऊ. फाटक्यात नाही घालायची मी त्याला." आणि त्या भिंतीकडच्या गठ्ठ्याशी गेल्या. शिडवालीला जागचं हलता येईना. सासूबाईंनी वरची घडी उचलली, दुसरी उचलली. त्यांचा हात थांबला. आत कापडाला ओला लाल डाग पडला होता आणि डागापलीकडे करड्या सदऱ्याची बाही दिसत होती.

त्यांनी मान वळवून सुनेकडे बघितलं. सून त्यांच्याकडेच बघत होती. भडक्या दोन हातांच्या अंतरावर उभा होता. एक शब्द पुरला असता.

सासूबाईंनी घडी परत खाली सोडली.

"खाली जा सगळे," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी त्याला धुणार. धाकट्या, तूही जा. हात धू आधी. त्या हातांनी भावाला शिवू नकोस."

माणसं उतरली. सासूबाईंनी जिन्याचं दार लोटून कडी घातली आणि गठ्ठ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाहेर ये."

मुंगी सरपटत बाहेर आला. फळीवर नजर पडताच त्याने ती दुसरीकडे वळवली.

"तिकडे बघ," सासूबाई म्हणाल्या. त्याने बघितलं. "गोळी कुणी झाडली?"

"जमादार म्हणाला, झाडा."

"ते नाही विचारलं मी."

"सगळ्यांनी झाडली."

"तू?"

"मीही."

"कुणावर?"

"माहीत नाही. बार काढताना माझे डोळे मिटले होते. उघडले तेव्हा दाजी पडत होते." "माझीच असेल. नसेलही. मला खरंच माहीत नाही."

आता शिडवाली बोलली. "पाणी प्यायलास तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"मी विचारलं तुला. दोनदा विचारलं."

"सांगितलं असतं तर लपवलं असतंस?"

तिने फळीवरच्या चेहऱ्याकडे बघितलं.

सासूबाईंनी कामाच्या मेजावरचा लाकडी हातोडा उचलला. शिडाच्या कडेला पितळी कड्या ठोकायचा तो हातोडा होता, जुना आणि जड. वापरून वापरून मुठीला त्यांच्या बोटांचे खळगे पडले होते.

"हात ठेव मेजावर. ज्या हाताने चाप ओढलास तो."

मुंगीने बहिणीकडे बघितलं. ती उठली नाही, मान हलवली नाही, काहीच केलं नाही. मग त्याने स्वतःच उजवा हात मेजावर पालथा ठेवला आणि डाव्या हाताने शिडाची कड तोंडात कोंबली.

म्हातारीच्या दंडात आयुष्यभराचं काम होतं. पहिल्या घावाला बोटांची हाडं मोडल्याचा आवाज झाला. दुसरा घाव मनगटाजवळ बसला. मुंगीने हात मागे घेतला नाही. तिसऱ्यांदा हातोडा वर गेला तो वरच राहिला. सासूबाईंनी तो मेजावर ठेवला, अगदी हळू, जसा रोज काम संपल्यावर ठेवत.

"जा," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोरून जा."

पण कापड तोंडात असूनही मुंगीच्या घशातून आवाज निघालाच होता. जिन्याच्या दारावर धडक बसली, दुसऱ्या धडकेला कडी उखडली आणि भडक्या आत आला. हातात लोखंडी आकडी होती.

"आई, बाजूला हो."

"मला घ्यायचं ते मी घेतलं. तू खाली जा."

"माझं राहिलंय अजून."

"धाकट्या, ऐक—"

त्याने आईला ढकललं. ढकलताना एवढा जोर लावायचा नव्हता त्याला, पण हाताला सकाळपासून तीच सवय लागली होती. सासूबाई मेजाच्या कोपऱ्यावर तोंडघशी आदळल्या. भडक्याने आकडी फिरवली. मुंगी खाली लोळला आणि आकडीने त्याच्या खांद्याची कातडी सोलून काढली. भडक्याने ती पुन्हा उगारली.

शिडवालीच्या हातात शीड कापायचा सुरा कधी आला ते तिलाही सांगता आलं नसतं. जाड कापड एका हिसक्यात फाडणारं ते पातं होतं. तिने दिराच्या उगारलेल्या हातावर वार केला. कोपरापासून मनगटापर्यंत मांस उघडं पडलं, आत पांढरं दिसलं, आकडी खणकन फळ्यांवर पडली. रक्ताची धार नव्या शिडावर आणि तांडेलच्या पावलांवर उडाली.

"भाऊजी," ती धापा टाकत म्हणाली, "ह्या खोलीत एक मढं पुरे झालं."

भडक्या आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. तेवढ्यात मुंगी मागच्या दाराशी सरपटला. खाली खाडीचं पाणी होतं. त्याने मागे वळून बघितलं नाही. अंग दाराबाहेर टाकून दिलं. पाण्याचा आवाज झाला आणि मग एका हाताने पाणी तोडत जाणाऱ्या माणसाचा, वेडावाकडा, बराच वेळ.

शिडवालीने दिराला भिंतीला टेकवून बसवलं. सुईत शिडाचा मेणाचा दोरा ओवला. ज्या सुईने ती कड शिवत होती, तीच सुई. त्याने हात पुढे केला. ती टाके घालत गेली, जवळजवळ आणि सरळ, आणि तो एकदाही कण्हला नाही. सासूबाई फुटलेल्या ओठाला पदर लावून मुलाच्या अंगावर पाणी ओतत होत्या.

दुपारी पलीकडच्या किनाऱ्यावरून शिपाई आले. त्यांनी धक्क्याला बांधलेले पडाव पेटवले. डांबर लावलेलं लाकूड ते, भडभडून जळलं. विझवायला धावलेल्यांना बंदुकीच्या दस्त्यांनी झोडपून काढलं. म्हातारा लंगडा खलाशी आपल्या जुन्या पडावावरून उतरेना, त्याला तसाच जळत्या पडावात राहू दिला. पुरुषांना घराघरांतून ओढून काढलं आणि दोराने एकमेकांना बांधून नेलं. हाताला ताजे टाके असलेला भडक्या त्यांत पहिला होता.

काही दिवसांनी कळलं, मुंगी जिवंत आहे. खाडीच्या तोंडाशी कंपनीच्या नावेने त्याला उचलला होता आणि तो कंपनीच्या दवाखान्यात होता. शिडवाली त्याला भेटायला गेली. सासूबाईंना सांगून गेली. त्यांनी अडवलं नाही.

मुंगीचा हात मनगटापासून कापला होता. तो खिडकीकडे तोंड करून पडला होता.

"मी काही मागायला आले नाही," ती म्हणाली. "सदरा आणलाय. साधा."

"ठेव." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "भडक्याचा हात?"

"शिवला मी."

"आणि म्हातारी?"

"ओठ सुजलाय. काम करते."

तो हसल्यासारखं करत म्हणाला, "मारताना रडत होती ती. तुला दिसलं नसेल तुझ्या जागेवरून." मग त्याने खरी गोष्ट सांगितली. सरकारची चौकशी बसणार होती. कंपनीला दाखवायला एक हात हवा होता: बघा, पडाववाल्यांनी हिंसा कशी केली. त्याने फक्त नावं घ्यायची. हात कुणी ठेचला, वल्हं कुणी चालवलं. "मला कायमचं काम देणार आहेत. बसून करायचं."

"मग?"

"मग काही नाही. तू जा आता, ताई. बाहेर दोघं उभे आहेत, ते ऐकतात."

ती गेली. त्याला काय सांगावं हे तिला वाटेतही सुचलं नाही. वल्हं चालवणाऱ्याने एका निःशस्त्र माणसाचा चेंदा केला होता, हेही खरंच होतं. त्या माणसाची बायको लोखंडी धक्क्याच्या चाळीत राहायची आणि रोज पाणी भरायला याच गल्लीतून जायची.

चौकशी नगरपालिकेच्या मोठ्या खोलीत झाली. शिडवाली मागच्या बाकावर बसली होती, शेजारी सासूबाई. भडक्या आणि बाकीचे कठड्यामागे, पायांत बेड्या. मुंगी साधा सदरा घालून आत आला तेव्हाच जमादाराचा चेहरा उतरला.

"हात कसा गेला?" चौकशीच्या साहेबांनी विचारलं.

"पडाव आणि धक्का यांच्यात सापडला."

"कुणी मारलं नाही?"

"नाही साहेब. पडाववाला होतो मी पूर्वी. असं होतं."

कंपनीचा वकील उठून उभा राहिला. साहेबांनी त्याला बसवलं. "पहारेकऱ्याला वल्ह्याने मारलं, तो माणूस यांच्यात आहे?"

मुंगीने कठड्याकडे बघितलं. एकेका चेहऱ्यावरून नजर नेली. भडक्यापाशी ती किंचित थांबली असं शिडवालीला वाटलं.

"धूर फार होता. मला कुणाचा चेहरा दिसला नाही."

"गोळ्या झाडायच्या आधी इशारा दिला होता?"

"नाही," मुंगी म्हणाला, आणि हे एवढंच तो मोठ्याने म्हणाला. "माणसं हसली म्हणून झाडल्या. जमादार म्हणाला झाडा, आम्ही झाडल्या. मीही झाडली. समोर माझ्या बहिणीचा नवरा होता."

जिवंत सुटलेले बाकीचे पहारेकरी आधीच पळाले होते, त्यामुळे नावं सांगायला दुसरा कुणी उरला नव्हता. संध्याकाळच्या आत बेड्या काढल्या. लोक दाराकडे लोटले. मुंगी बाजूच्या दाराने बाहेर पडला होता, आणि तिथल्या पायऱ्यांवर त्याचेच जुने सोबती उभे होते, करड्या सदऱ्यातले. त्यांचेही मित्र धक्क्यावर मेले होते. त्यांनी घाई केली नाही. एकाने त्याचा उरलेला हात मागे पिरगळून धरला आणि बाकीच्यांनी दस्त्यांनी त्याला मारलं, आधी पोटात, मग पडल्यावर डोक्यात. लोक धावत येईपर्यंत ते बाजूच्या गल्लीतून निघूनही गेले होते.

शिडवालीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या कानातून रक्त येत होतं. एक डोळा उघडा होता, पण तो तिला ओळखत नव्हता. तिच्या मांडीवरच तो गेला. गर्दी हलेना. मग भडक्या पुढे आला. वाकला, आणि ज्या हातावर तिचे टाके होते तो हात मुंगीच्या पाठीखाली घालून त्याने त्याला उचललं. घरापर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

त्याला कुठं ठेवायचं, हा प्रश्न आला. टेकडीवरच्या स्मशानात तांडेलच्या शेजारी जागा होती. सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं.

"माझ्या मुलाशेजारी नाही," त्या म्हणाल्या.

"नको, आई," शिडवाली म्हणाली. तिला त्यात अन्याय वाटला नाही. मुंगीला दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला मूठमाती दिली. खड्डा भडक्याने खणला.

दगडी धक्का त्यानंतर लवकरच उडवला. बेट टेकडीवर उभं राहून बघत होतं. जमीन पायाखाली हादरली, दगड गुरांच्या कळपासारखे उधळले आणि पाण्यात कोसळले. तळाचे काही हललेच नाहीत. ओहोटीला अजूनही दिसतात, शेवाळलेले. जमादाराची दुसऱ्या बंदरात बदली झाली. भडक्या लोखंडी धक्क्यावर यारीचा दोर ओढायला लागला. वल्ह्याने मेलेल्या पहारेकऱ्याची बायको त्याच्या समोरून पाणी घेऊन जायची तेव्हा तो मान खाली घालायचा. तिला कुणी काही सांगितलं होतं की नाही, कुणास ठाऊक. एक दिवस ती बेट सोडून गेली.

शिडांचा जमाना गेला. सासू-सुना आता जहाजांच्या मालावर टाकायच्या डांबरी ताडपत्र्या शिवत. कापड जास्त जाड, वास उग्र, बोटं काळी. सासूबाईंची नजर कमी झाली तेव्हा शिडवाली त्यांना सुया ओवून द्यायची. मुंगीचं नाव त्या घरात निघायचं नाही. भांडण झालं तरी नाही.

बऱ्याच वर्षांनंतर, पावसाळ्याआधीच्या घाईत, दोघी एका मोठ्या ताडपत्रीच्या दोन टोकांना बसून मध्याकडे शिवत येत होत्या. गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ आल्यावर सासूबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली.

"तुझा भाऊ," त्या म्हणाल्या, "लहानपणी कसा होता गं?"

शिडवालीचा हात थांबला. तिने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या, जिथून आता त्यांना उजेडाशिवाय काही दिसत नसे.

"हट्टी होता," ती म्हणाली. "फार हट्टी. एकदा मेलेला बगळा घरी घेऊन आला. म्हणे, हा झोपलाय. तीन दिवस उशाशी घेऊन झोपला, वास मारायला लागला तरी देईना."

"मग?"

"मग मी तो झोपेत असताना काढून पुरला. उठल्यावर सांगितलं, उडून गेला."

"आणि त्याने मानलं?"

"नाही मानलं. पण मला बरं वाटावं म्हणून दिवसभर आभाळात बघत बसला."

सासूबाईंनी चाचपडत सुई शोधली आणि टाका घातला.

"अजून सांग," त्या म्हणाल्या.